तिसऱ्या मजल्यावरची देवी

नाही, पण घर्रर्र म्हणजे किती घर्रर्र असावं, त्याला काही सुमार? सकाळी चहाचा कप तोंडाला लावला की घर्रर्र, देवापुढं बसलं की घर्रर्र, दुपारी जरा पाठ टेकावी, डोळा लागतोय न लागतोय तोच डोक्यावर घर्रर्र... आणि ते थांबलं म्हणून हुश्श करावं तर ठाक ठाक ठाक, म्हणजे भोक पाडून झालं, आता त्यात काय ते ठोकणार. मी म्हणते, एवढी भोकं पाडल्यावर घर उभं राहतं कसं? रविवारी तेवढी सुटका, तीसुद्धा सोसायटीचा नियम म्हणून, नाहीतर त्या ड्रिलवाल्यानं देवाचा वारसुद्धा सोडला नसता... थांबा. तुम्ही म्हणाल, म्हातारी मधूनच सुरू झाली. कोण कुठलं ते आधी सांगते.

एक होतं नगर. गोष्टीतलं आटपाट नव्हे, रस्ता ओलांडायचा तर आधी हात जोडावे लागतात असलं आपलं बेंगळूरचं जे. पी. नगर. त्या नगरात एक बिल्डिंग, बिल्डिंगच्या तिसऱ्या मजल्यावर, आमच्या दारासमोरच्या दारात, ठकुबाई राहत होती. तिला एक लेक, उमाकांत. एक सून, विद्या. आणि एक नातू, ध्रुव, तिसरीतला. राजा-राणी कुणी नव्हतं, सगळे नोकरीला होते. उमाकांतचं ऑफिस हेब्बाळला, म्हणजे गावाच्या पार त्या टोकाला. सकाळी गुळगुळीत दाढी करून निघालेला माणूस पोचेपर्यंत खुंट वाढतात. विद्या घरूनच काम करते, पण घरी असते असं म्हणायचं नाही, कारण कानात ते खुपसलेलं असतं आणि ती भिंतीशी इंग्रजीत बोलत असते. आणि ध्रुव शाळेत, शाळेतून आला की क्लासला, क्लासहून आला की पोहायला. मग ठकुबाईनं बोलायचं कुणाशी? वरच्या बसवंतअण्णांच्या ड्रिलशी? त्यांनी चौथ्या मजल्यावरचं घर नवं करायला काढलेलं, आणि ते काही केल्या नवं होत नव्हतं.

मूळची बाई खानापूरची. तिथं ओट्यावर बसलं की जाणारा-येणारा विचारायचा, काय ठकूअक्का, जेवलीस काय? इथं लिफ्टमध्ये माणसं छताकडं बघतात. तर एक दिवस घर्रर्र चालू असताना ती उमाकांतला म्हणाली, "शनिवारच्या बसचं तिकीट काढ. मी चालले खानापूरला. राहीन माझी मी."

आणि तुम्हाला सांगते, उमाकांत "बरं" म्हणाला. मोबाईलवरून मान वर न करता. अंगठ्यानं दोनदा टकटक केलं आणि म्हणाला, "झालं. खिडकीची सीट मिळाली."

आता बाई जाते म्हणते तेव्हा तिला काय खिडकी पाहिजे असते का हो? "का गं आई?" एवढं तरी म्हणावं. "कशाला जातेस, बस गुमान" म्हणावं. सूनही काही वाईट नाही, पण ती शिकलेली, तिचं म्हणणं, "आईंना जायचंच असेल तर आपण कसं अडवायचं? त्यांचा निर्णय आहे." निर्णय. ठकुबाई माझ्याकडं येऊन पायरीवर बसली नि म्हणाली, "बघ, मला कुणी अडवलंसुद्धा नाही. वर खिडकी दिली." आणि पदरानं नाक पुसलं. त्याच वेळी ध्रुव दारात उभा राहून बुटाची नाडी बांधत होता. नाडी बांधायला त्याला फार वेळ लागला, ते मला नंतर आठवलं.

आता ध्रुवचं सांगायचं तर त्या पोराला शाळेचं वावडं. सोमवारी पोट, बुधवारी डोकं, कन्नडची तोंडी असली की दोन्ही. आणि सोंग पकडायला घरात फौजदार कोण, तर ठकुबाई. तिचा एक काढा होता. ओवा, हिंग, काडेकिराईत, आणि आणखी काय काय ते तिचं तिला ठाऊक. पोरगा पोट धरून आला की ती वाटी पुढं करायची. खरा आजारी असला तर वाटी बघून रडायचा; सोंग असलं की नुसता वास घ्यायचा आणि म्हणायचा, "आज्जी, आता स्वल्प बरं वाटतंय." लगेच दप्तर पाठीवर. एकदाही तिच्या हातून सुटला नाही. पण काढ्यानं तोंड कडू झालं म्हणून ती मागून खडीसाखर द्यायची आणि एक गोष्ट सांगायची, ही तिची खोड. आणि याच खोडीनं पुढं घात केला.

गुरुवारी सकाळी, शाळेची बस खाली पों पों करतेय, आणि ध्रुव पांघरुणातून बाहेर येईना. विद्या एका हातात डबा, एका हातात टाय घेऊन उभी. "ध्रुव, नाटक बंद. आज कन्नडची तोंडी आहे ना, म्हणून. ऊठ." ठकुबाई काढ्याची वाटी घेऊनच आली. पांघरूण ओढलं आणि वाटी हातातच राहिली. पोराच्या कपाळावर, गालावर, गळ्यावर, पोटावर तांबूस ठिपके. कपाळ तर असं तापलेलं की हात ठेववेना.

ठकुबाईनं वाटी खाली ठेवली. पदर डोक्यावरून घेतला. दोन्ही हात जोडले आणि नातवाला म्हणाली, "आई, कधी आलात?"

ध्रुवनं एक डोळा उघडला. तो मिटला.

विद्या म्हणाली, "आई, कोण आलंय?"

"हळू बोल. देवी आलीय घरात. चप्पल काढ आधी."

"अहो पण त्याला कांजिण्यांची लस दिलेली आहे."

"लस तू दिलीस. यायचं की नाही ते तिनं ठरवायचं. देवीला कोण विचारणार?"

मग काय सांगू तुम्हाला, त्या घराचं तासाभरात देऊळ झालं. दाराला कडुलिंबाचे डहाळे. चपला जिन्यात. फोडणी बंद, तळण बंद, कुकरची शिट्टीसुद्धा बंद, देवी दचकते म्हणून. केस विंचरायचे नाहीत, भांडायचं नाही, घरात आवाज चढवायचा नाही. विद्या म्हणाली डॉक्टरांकडं नेते, तर ठकुबाई उंबऱ्यात आडवी. "देवी दारातून परत गेली तर कोप होईल." शेवटी विद्यानं डॉक्टरीणबाईंना व्हिडिओ कॉल लावला. डॉक्टरीणबाई एका चौकोनात, ध्रुव एका चौकोनात, आणि मधे ते गोल गोल फिरणारं चक्र. चित्र हललं की थांबायचं, थांबलं की हलायचं. त्यात त्या ठिपके बघून म्हणाल्या, "लस घेतली तरी सौम्य येतात कधी कधी. शाळेत पाठवू नका, वेगळा झोपवा, नाहीतर सगळ्यांना होईल." झालं. विज्ञानानंही हात जोडले.

उमाकांत बुटाची नाडी बांधून हेब्बाळला निघालेला. ठकुबाई म्हणाली, "कुठं? देवी घरात असताना घरचं माणूस कामावर जात नाही. नमस्कार कर." आता एवढा मोठा इंजिनिअर, हाताखाली माणसं, तो आपल्याच पोरापुढं वाकला. ध्रुवनं डोळे मिटून हात वर केला, आशीर्वादाचा. उमाकांत मला जिन्यात म्हणाला, "काकू, काल ह्याला टीव्हीवरून ओरडलो होतो मी. राग धरला असेल का?" मी काय सांगणार? देवीला कोण विचारणार?

इतक्यात वर सुरू झालं घर्रर्र. ठकुबाई ताडकन उठली आणि अनवाणी चौथ्या मजल्यावर. बसवंतअण्णांकडं सोसायटीचा सेक्रेटरी जाऊन आला होता, विद्या इंग्रजीत बोलून आली होती, मी स्वतः कन्नडमधून सांगून आले होते. तो माणूस सगळ्यांना "सरी, सरी", म्हणजे बरं, बरं, म्हणायचा आणि भोक पाडायचा. ठकुबाई नुसती दारात उभी राहिली, हातात डहाळी, आणि म्हणाली, "घरी अम्मा आलीय." इकडं या देवीला अम्माच म्हणतात. तर बसवंतअण्णांचा चेहराच उतरला. त्यांची बायको कावेरी आतून धावत आली, कानशिलावर बोटं मोडली, आणि सुताराला म्हणाली, "ए, निल्लिसप्पा." घर्रर्र बंद. अम्माच्या डोक्यावर खिळा कोण ठोकणार? अण्णांनी सुताराला सांगितलं, आता घरी जा, अम्मा गेली की बोलावतो.

आणि बिल्डिंगमध्ये शांतता पडली. अशी शांतता, की मला माझ्या घरातल्या घड्याळाचा आवाज ऐकू आला आणि मी म्हटलं, हे कधीपासून चालू आहे?

तिकडं देवीचे मात्र हाल. सकाळी दहीभात, बिनमिठाचा. दुपारी दहीभात. ध्रुव बारीक आवाजात म्हणायचा, "आज्जी, पापड?" ठकुबाई हात जोडून म्हणायची, "आई, तळण चालत नाही हो तुम्हाला." "नूडल्स?" "मसाल्यानं दाह होतो, आई." मोबाईल मागितला तर डोळ्यांना उष्णता. मग संध्याकाळी नारळपाणी आणि रात्री, काय असणार? दहीभात. त्यात फोडणी नसलेलं वरण उमाकांत आणि विद्यासुद्धा गिळत होते, निमूट.

पण एक झालं. लेक घरी, सून घरी, ड्रिल बंद, टीव्ही बंद. करायचं काय? उमाकांत आईशेजारी बसला आणि तांदूळ निवडायला लागला. हल्लीचे तांदूळ, त्यात खडे नसतातच, तरी निवडत बसला. निवडता निवडता म्हणाला, "आई, मला कांजिण्या आल्या होत्या तेव्हा तू मला रामफळ दिलं होतंस ना गं?" ठकुबाई म्हणाली, "चोरून. तुझ्या बापानं आणलेलं." विद्यानं कानातलं काढलं आणि विचारलं, "रामफळ चालतं?" ती असं काही विचारील हेच ठकुबाईला नवीन. मग गोष्टीतून गोष्ट निघत राहिली.

शुक्रवारी दुपारी ठकुबाई एकटीच ध्रुवला डहाळीनं वारा घालत बसली होती. ठिपके काल तांबूस होते ते आज चांगले काळपट लाल झाले होते. कावेरी नारळ ठेवून जाताना भीत भीत म्हणाली होती, अम्मा चढतेय. वारा घालता घालता ठकुबाईच्या नाकाला वास आला. कडुलिंबाचा नव्हे. थंड, झणझणीत... निलगिरीचा. तिनं पोराच्या पोटाशी नाक नेलं. परत हुंगलं. उठली, स्वयंपाकघरात गेली, फ्रीजचं दार उघडलं. विद्या मागच्या आठवड्यात कुणाच्या लग्नाला गेली होती, तिच्या मेंदीचा अर्धा उरलेला कोन तिथं अंड्यांच्या खाचेत होता. आता नव्हता. निलगिरीचं तेल घातलेली मेंदीच ती, पहिल्या दिवशी तांबूस, दुसऱ्या दिवशी रंगणारच. पोराच्या गादीखाली हात घातला तर तिचीच शेकायची रबरी पिशवी. म्हणजे तापसुद्धा तिच्याच घरचा.

"ध्रुव," ती म्हणाली.

"आज्जी, देवीला नावानं हाक मारायची नाही. तूच सांगितलंयस."

"मुडद्या, ऊठ. कन्नडच्या तोंडीसाठी देवीचं सोंग घेतलंस होय रं? पोट दुखवायचं होतंस, डोकं दुखवायचं होतंस. देवी?"

ध्रुव उठून बसला. सगळे ठिपके घेऊन. म्हणाला, "पोटदुखीत तुझी बस थांबली नसती."

"कुठली बस?"

"शनिवारची. तूच गोष्टीत सांगितलं होतंस. तुमच्या खानापूरच्या घरात देवी आली आणि तुझ्या आत्याला जायचं होतं, पण देवी असताना घरचं माणूस वेस ओलांडत नाही, म्हणून ती आंबे संपेपर्यंत राहिली." मग म्हणाला, "बाबांनी तर लगेच तिकीट काढलं. मला कसं अडवायचं ते माहीत नव्हतं."

तुम्हाला सांगते, ठकुबाई माझ्याकडं आली तेव्हा तिला बसवेना. उठली, बसली, पाणी घेतलं, न पिता ठेवलं. म्हणाली, "एवढ्या मोठ्या घरात मला एकट्यानं अडवलं गं. तेसुद्धा बिनमिठाचा भात खाऊन." म्हटलं, मग रडतेस का? तर म्हणाली, "रडू नको तर काय करू? देवीच्या नावानं खोटं झालं. आज सांगावं तर बसवंतअण्णानं सुतार घरी पाठवलेला, कावेरी नारळ ठेवून पाया पडून गेलेली, पोराची अब्रू जाईल. न सांगावं तर वर ती बघतेय." आमच्या घरात यल्लम्माचा फोटो आहे, त्याच्यापुढं उभी राहिली आणि सरळ बोलायला लागली, जसं शेजारणीशी बोलावं. "आई, लेकरानं तुझं नाव घेतलंय, तुला न विचारता. आता नाव घेतलंच आहे तर जेवून जा. दहीभात आहे. पण फोटोतूनच जेव गं, खरी येऊ नको." मग माझ्याकडं वळून म्हणाली, "चालेल का गं असं?" मी म्हटलं, देवीला कोण विचारणार? आणि ती डोळे पुसत हसली.

उद्या सांगते, परवा सांगते म्हणत राहिली. शनिवारची बस खिडकीची रिकामी सीट घेऊन गेली. वारबीर बघून न्हाण ठरलं. विद्या म्हणाली, मी घालते आंघोळ. कडुलिंबाचं पाणी काढलं, पोराला पाटावर बसवलं, अंग चोळायला लागली आणि चोळता चोळता तिचा हात थांबला. अहो, डॉक्टरीणबाई फसल्या, बसवंतअण्णा फसले, पण मेंदी कुठल्या बाईला ओळखू येणार नाही? आणि पोटावर तर घाईघाईत ठिपक्याचं चक्क पान झालेलं.

"आई," विद्या म्हणाली, "ही मेंदी आहे."

"व्हय," ठकुबाई म्हणाली.

"तुम्हाला माहीत होतं?"

"शुक्रवारपासून." आणि मग, का केलं तेही सांगितलं. बस, आत्या, आंबे, सगळं. ध्रुव पाटावर खाली मान घालून बसलेला, अंगावरून पाणी निथळतंय.

विद्यानं तांब्या खाली ठेवला. मग म्हणाली, "आई, मला खरंच वाटलं होतं की तुम्हाला जायचंय. मी अडवलं तर तुम्हाला वाटेल, सून कामासाठी ठेवून घेते." आणि मग अगदी हळू, "जाऊ नका ना."

बघा. तीन शब्द. तेवढ्यासाठी पोराला अंगभर मेंदी काढावी लागली.

ठकुबाई म्हणाली, "पाणी घाल, गार होतंय त्याला." दुसरं काय म्हणणार? नैवेद्य मात्र मनापासून झाला, आणि फोडणी पडली तेव्हा मोहरीचा वास जिन्यातून खाली वॉचमनपर्यंत गेला. चुकवलेली कन्नडची तोंडी ध्रुवला नंतर द्यावी लागली ती लागलीच. कावेरीनंच शिकवणी घेतली. उमाकांत आता आठवड्यातले दोन दिवस घरून काम करतो आणि खडे नसलेले तांदूळ निवडतो. आणि बसवंतअण्णांचा सुतार? तो जो गेला तो गेला. दुसरीकडं काम धरलं, आता फोन उचलत नाही. बेंगळूरमध्ये एकदा गेलेला सुतार अम्मासुद्धा परत आणू शकत नाही. ड्रिल कायमचं बंद. ठकुबाईवर जशी देवी प्रसन्न झाली तशी तुमच्या-माझ्यावर होवो, असं म्हणून मी इथं हात जोडले असते...

पण नाही ना. शाळेतल्या पोरांना कळलं की देवी आली की सुट्टी मिळते. पुढच्या आठवड्यात आमच्या बिल्डिंगमध्ये दुसऱ्या मजल्यावर देवी आली. पाचव्यावर आली. पार्किंगच्या पलीकडच्या विंगमध्ये तर जुळ्यांना एकदम आली. कोपऱ्यावरच्या दुकानात मेंदीचे कोन संपले. आणि त्या सगळ्या आया, लॅपटॉप उघडे टाकून, पोरं घेऊन कुणाकडं आल्या? ठकुबाईकडं. "अज्जी, स्वल्प नोडी, जरा बघा, तुम्हाला कळतं ना यातलं." ठकुबाईनं एकेकाला हुंगलं. निलगिरी, निलगिरी, निलगिरी. आता तिच्याच नातवानं लावलेला वेल, ती कुठल्या तोंडानं उपटणार? म्हणाली, "देवी आहे. पण हलकी आहे. शाळा बुडवायला लागत नाही. शाळेतून आलं की रोज माझ्याकडं पाठवा, मी उतरवते."

उतरवते कशी, तर आधी काढा पाजते आणि मग खडीसाखर नि गोष्ट. ठिपके कधीच गेले, पोरं जात नाहीत. दुपार झाली की तिसऱ्या मजल्यावर चपलांचा ढीग, दोघं सोफ्यावरून उड्या मारतात, एक जण राक्षस होतो, बाकीचे किंचाळतात, आणि भिंतीच्या अलीकडं मी पाठ टेकून छताकडं बघत पडलेली असते. काल मी उठून गेलेच. म्हटलं, "ठकुबाई, खरं सांग, ते ड्रिल बरं होतं का गं?"

तिच्या मांडीवर एक, पाठीवर एक, पदराला ध्रुव. ती म्हणाली, "निदान त्याला रविवारची सुट्टी तरी होती."